भिंतीवरचा माळ

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. डोळ्याची पट्टी निघाली का? इकडे सगळं ठीक. म्हणजे यांची कंबर, माझे गुडघे आणि बाहेरच्या खोलीतला पंखा, तिघंही कुरकुरत का होईना, फिरताहेत. तुला अजून वाचायला बंदी असणार, तेव्हा हे पत्र भाऊजीच वाचून दाखवत असतील. शेजारणीकडून वाचून घे म्हणणार होते, पण ती आधी जिन्यात वाचेल आणि मग तुला. फोन करावा तर तू स्पीकर लावतेस. तेव्हा भाऊजी, तुम्हालाही नमस्कार. सावकाश वाचा, आणि वाचता वाचता माझी वाक्यं दुरुस्त करू नका.

आमच्या माती तपासणी कार्यालयाच्या वर्धापनदिनाला भाऊजींचा, म्हणजे आमच्या जुन्या साहेबांचा, सत्कार ठरलाय, त्याचं निमंत्रण पोचलं असेल. तुम्ही दोघं न आलात तर बरं, असं मला वाटतं. तसं काही खास कारण नाही. रस्ता खणून ठेवलाय. सभागृहात नव्या खुर्च्या आल्यात, त्या बसायच्या नाहीत, बघायच्या आहेत. शिवाय नवे साहेब बोलणार आहेत. मागच्या वेळी पाहुण्यांची एक झोप पुरी होऊन ते उठले, तरी प्रस्तावनाच चालू होती. चहासुद्धा बेताचा. पुष्पगुच्छ मी घरपोच आणून देईन, त्यात काय एवढं.

आता भाऊजी, पुढचा परिच्छेद आम्हा बायकांचा आहे. तो वगळा.

(तो तुम्ही सगळ्यात आधी वाचणार हे ठाऊक असल्यामुळे त्यात काहीच लिहिलेलं नाही.)

ताई, परवा भाऊजी घरात नसताना तू फोनवर म्हणालीस, "त्यांना उगाच काही कळवू नकोस गं. डॉक्टरांनी राग वर्ज्य सांगितलाय. आणि हल्ली रागावतही नाहीत. भाजीत मीठ विसरले तरी गुपचूप जेवतात, नि मग भिंतीकडे बघत बसतात." हे तू कौतुकानं सांगितलंस की काळजीनं, ते मला कळलं नाही. एका नमुन्याची चिठ्ठी तिरपी चिकटली म्हणून भाऊजींनी मला, स्वतःच्या मेहुणीला, सगळ्या ऑफिससमोर विचारलं होतं, "डोळे घरी ठेवून आलात का?" असा माणूस अळणी भाजी मुकाट्यानं गिळतो, म्हणजे दुखणं मोठं असलं पाहिजे.

भाऊजींचा माळ तुला आठवतो ना? आठवणारच. लग्नानंतरचे पहिले काही महिने तो तुमच्याच घरात राहायला होता. चराऊ माळावर खड्डा खणून काढलेला, माणसाच्या उंचीचा मातीचा अखंड उभा काप, फळीवर सरसानं चिकटवलेला. तो वाळेपर्यंत पंखा त्याच्याकडे आणि तू घामाघूम. मग तो आमच्या ऑफिसच्या दारात लागला आणि भाऊजी येईल त्या पाहुण्याला त्याच्यासमोर उभं करू लागले. वर वीतभर तपकिरी पोयटा, ना धड वाळू ना धड चिकणमाती, बोटांत चुरली तर मऊसूत. गवताची बहुतेक मुळं त्यातच. त्याखाली लालसर, जरा घट्ट थर. आणि पार खाली चुनखडीचे पांढरे खडे. "इकडे पाऊस मुळात थोडा. पाणी चुना विरघळवत खाली नेतं आणि दमलं की तिथंच टाकून देतं. पांढरं दिसलं की समजा, इथं पाऊस थकला." पाहुणा थकला तरी सांगायचे.

तर तो माळ बरा आहे. काच बसवलीय त्याला. स्क्रू मारून पक्का केलाय. मुद्दाम बघायला यावं असं त्यात काही नाही.

भाऊजी, इथं तुमचा आवाज अडखळला असणार. "काच कशाला?" असं तुम्ही ताईला विचारलंत आणि ती म्हणाली, "मला काय माहीत, पुढे वाचा." वाचा मग. मला आता लपवाछपवी जमत नाही. ताई, गोळी कुठे ठेवलीय ते आठवून ठेव.

गेल्या वर्षी ऑफिसला रंग दिला. रंगाऱ्यांनी फळी उतरवली आणि काम झाल्यावर परत टांगली. उचलायला सोपं जावं म्हणून भाऊजींनी कड्या दोन्ही टोकांना लावल्या होत्या. रंगाऱ्यांना जी कडी आधी सापडली ती त्यांनी खिळ्यात अडकवली. माळ तेव्हापासून डोक्यावर उभा आहे.

त्याच्यासमोरून आम्ही सगळे रोज जातो. सगळे मातीत पदव्या घेतलेले, मी धरून. कोणाच्या लक्षात आलं नाही. मला दिसलं तेही चपलेचा बंद तुटला म्हणून खाली वाकले तेव्हा. फळीच्या खालच्या टोकाला वाळकं गवत बोकडाच्या दाढीसारखं फरशीकडे लोंबत होतं.

एवढ्यावर थांबलं असतं तर शिडी आणली असती. पण नव्या साहेबांनी त्यावर शोधनिबंध लिहिलाय. त्यांचं म्हणणं, पाऊस घटल्यामुळे चुना वर चढून आला आणि सकस माती खाली दडली. तेव्हा वरचा निकामी थर मशीननं खरडून टाकावा, म्हणजे खालचा पोयटा उघडा पडेल आणि माळ हिरवागार होईल. मंजुरीही आली. अशा गोष्टींना येते.

मी त्यांच्या खोलीत गेले. म्हटलं, "साहेब, फळी उलटी आहे."

"बाई, दृष्टी बदला," ते म्हणाले.

"दृष्टी नको, फळीच फिरवू."

"निबंध छापून आलाय. छापलेलं शास्त्र असं फिरवता येत नाही."

मग मी स्वतः माळावर गेले. तिथल्या मेंढपाळ बाईंनी खड्डा खणायला हात लावला. पोयटा वर, चुना खाली, सगळं जिथल्या तिथं. त्या म्हणाल्या, "वरची माती नेणार? मग मेंढ्यांनी काय खडे चघळायचे?" मी डब्यातून माती आणून साहेबांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती कागदानं बाजूला सारली. "फळीवरचा नमुना हा प्रमाण नमुना आहे. माळ तसा निघत नसेल, तर माळाची चौकशी करू." दुसऱ्याच दिवशी कोणी फळी फिरवू नये म्हणून तिला काच आणि स्क्रू लागले, आणि मला सत्कार समितीत घातलं. तोंड बंद करायला आमच्याकडे समिती देतात.

आता जे सांगायचं टाळत होते ते. निबंधावर पहिलं नाव भाऊजींचं आहे. साहेबांनी आदरानं घातलंय; आदर करायला परवानगी लागत नाही, हे त्यांचं तत्त्व. मंजुरीतही 'ज्येष्ठ तज्ज्ञांच्या संशोधनानुसार' असंच आहे. सत्कारानंतर सगळे माळावर जाणार आणि मशीनची पहिली कळ भाऊजींच्या हस्ते दाबली जाणार.

म्हणून म्हणत होते, येऊ नका. घरी शांत राहा, तब्येत सांभाळा. पण तुम्ही नाही आलात तर साहेब तुमच्या वतीनं कळ दाबतील. वीतभर माती आहे सगळी मिळून. ती गेली की पुन्हा व्हायला जो काळ लागतो, तो भाऊजी पाहुण्यांना सांगायचे तेव्हा पाहुणे हसायचे. माझं कोणी ऐकत नाही. ज्याचं नाव निबंधावर पहिलं आहे, तो माणूस माईकवर उभा राहून 'हे उलटं आहे' म्हणाला, तर मात्र मशीन जागचं हलणार नाही.

ताई, मेंढपाळांना दुसरा माळ नाही, आणि तुला दुसरा नवरा नाही. दोन्ही मला कळतं. त्यांना काही झालं तर तू मला दारात उभं करणार नाहीस, आणि ते बरोबरच असेल. तरीही सांगते, घेऊन ये त्यांना. भिंतीकडे बघत बसून जे काय बरं व्हायचं ते झालं असतं एव्हाना.

भाऊजी, तुम्ही खुर्चीतून उठला असाल. बसा. पाणी प्या. मग खुशाल रागवा, पण सगळा राग घरात ताईवर खर्च करू नका. बराचसा इकडे घेऊन या. समितीत आहे म्हणून माईकची व्यवस्था माझ्याकडे आली आहे. तुमचं बोलणं पुरं होईपर्यंत तो कोणी बंद करणार नाही, एवढं माझ्याकडे लागलं.

तुमच्या ओरडण्याची वाट पाहणारी,
ताईची धाकटी