थंड पाण्यातली हाक

शनिवार, संध्याकाळ

बूट रेडिएटरवर ठेवलेत, अजून गळतायत. राग काही जात नाही.

निनादला आणि त्याच्या युनिव्हर्सिटीतल्या मित्रांना सर्फिंगला मीच गाडीने नेलं. नवशिक्यांचा किनारा, लाटा जेमतेम कमरेएवढ्या, म्हणून मी वाळूवर निवांत चहा पीत बसले होते. तेवढ्यात लाट अंगावर फुटली, माझा लेक निनाद बोर्डवरून पडला आणि ओरडला, "आई गं!"

मी बुटांसकट पाण्यात धावले. गुडघ्यापर्यंत भिजून कापत उभी राहिले, तेव्हा त्याचे मित्र हसत होते.

"मम, तुला नाही बोलावला. पाणी थंड होता, तोंडातून आलं."

"थंड होतं," मी त्याचं मराठी सुधारलं.

इथल्या इंग्रजी शाळेत जायला लागला तेव्हापासून मी त्याची 'मम', बाकीच्या मुलांच्या आयांसारखी. आई म्हण, म्हणून किती मागे लागले, शेवटी नाद सोडला. आज इतक्या वर्षांनी तो शब्द कानावर आला आणि मी धावले. चुकलं का माझं?

बूट वाळतील उद्यापर्यंत. घरात मी मम. आई त्याने थंड पाण्यासाठी ठेवली आहे.