रेडिओची वायर

प्रिय अभयदादा,

वाळूजहून शिफ्ट संपवून आले आणि थेट लिहायला बसले. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस, मग काय करणार?

तू शेडमध्ये स्वतःच्या हातानं बांधलेल्या त्या छोट्या विमानाच्या वायरिंगवरून आपण किती भांडलो! शहागंजच्या बाजारातून तू घरगुती फिटिंगची स्वस्त वायर उचलून आणलीस. मी म्हटलं, ही जळाली तर तेवढ्याशा कॉकपिटमध्ये धुरानंच गुदमरशील. विमानाचीच वायर मागव. मग ब्रेकरवरून, म्हणजे जादा करंट आला की उडून वीज तोडणाऱ्या त्या बटणावरून जुंपली. वजन वाचवायला तुला रेडिओ आणि स्क्रीन मिळून एकच मोठा ब्रेकर हवा होता. अकरा वर्षं कारखान्यात कंट्रोल पॅनेल जोडतेय मी, ऐकते व्हय! ब्रेकर रेडिओला नाही, वायरीला जपतो. वायर साडेसात अँपिअर सोसते, तर ब्रेकर पाचाचा. आणि दोघांचे वेगळे, म्हणजे एक बंद पडलं तरी दुसरं चालू राहतं. शेवटी तू हात जोडलेस, "बाई, तू म्हणशील तसं."

मंगळवारी तू विमान धावपट्टीवर नुसतं पळवून बघत होतास, तेव्हा रेडिओ गप्प झाला. त्याचा ब्रेकर उडाला होता. स्क्रीन चालू, धुराचं नाव नाही. तपासायला आलेले तात्यासाहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "या पोरीच्या ब्रेकरनं विमान वाचवलं." तू मात्र पॅनेलच्या पत्र्याकडंच बघत राहिलास. पत्र्यातल्या भोकाच्या धारेनं वायर सोलली जाऊन उघडी तार पत्र्याला टेकली होती, आणि भोक तू पाडलेलं. "माझ्या हाताला सफाई नाय," एवढं बोलून तू शेडला कुलूप घातलंस. सहा वर्षं त्या विमानापायी खपलेला माणूस!

काल सुरेखावहिनींनी सांगितलं, तू ते विकायला काढलंयस, रविवारी गिऱ्हाईक येतंय.

दादा, भोक पाडणं तुझं काम होतं. त्याच्या धारेवर रबराचं कडं बसवून मग वायर ओवणं माझं. ते कडं मी बसवलंच नव्हतं. सोललेली वायर पाहताच कळलं मला, पण तेव्हा माझं कौतुक चाललं होतं आणि मी गप्प बसले. आज तात्यासाहेबांना सगळं सांगितलंय. शनिवारी रजा टाकून गंगापूरला तुझ्या शेडवर येते. रेडिओची वायर नवी ओढते, एकूण एक भोक तपासते. मला हे काम येतं, आणि तुलाही. गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळव.

तुझीच,
तनुजा