पश्चिमेचा खुंटा

मी, रंगनाथ कानिफनाथ येलमामे, वय अठ्ठेचाळीस, धंदा पिठाची गिरणी व रेडिओदुरुस्ती, राहणार राजूर, तालुका अकोले, जिल्हा अहमदनगर, डोके पूर्ण ठिकाणावर असताना, कोणाच्या दबावाने नव्हे तर स्वतःच्या काळजीने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. येत्या सोमवारी पुण्यास माझे अंतर्गळाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, किरकोळ आहे. किरकोळ काम कसे बिघडते हे मी दुकानात रोज पाहतो, म्हणून लिहितो.

कलम १. राहते घर, गिरणी, इंजिन आणि पोस्टातील बचत पत्नी सौ. भागिरथी हिची. आम्हांस मूलबाळ नाही. गिरणीचा पट्टा घसरू लागला तर राळ लावावी, पट्टा कापू नये. हे तिला माहीत आहे, तरी लिहितो.

कलम २. हौशी वायरलेसचा परवाना माझ्या नावाचा आहे. तो वारशाने कोणास जात नाही. तो रजिस्टर पोस्टाने, पोच घेऊन, दिल्लीस परत करावा. सातवी शिकलेल्या माणसाने शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजी पुस्तके वाचली आणि सरकारी परीक्षा पहिल्या खेपेत दिली, ही गोष्ट परवान्यावर छापलेली नसते, म्हणून येथे नमूद केली. संदेश पाठवण्याचा सेट, लष्करी भंगारातून आणलेला रिसीव्हर आणि मोर्सची खटकी राहुरीचे उत्तमराव कडू यांस द्यावी. त्यांच्यापाशी परवाना आहे. उत्तमरावांचे सोल्डरिंग कच्चे असते, पण माणूस खरा.

कलम ३. गावपुढारी भाऊसाहेब यांस काहीही देऊ नये. कारण कलम ४ मध्ये येईल. त्यांचा ट्रान्झिस्टर मात्र दुरुस्त होऊन फळीवर पडला आहे, तो पोचता करावा. मजुरी घेऊ नये, म्हणजे त्यांना बरे वाटणार नाही.

कलम ४. मागच्या अंगणातील टॉवर. उंची बेचाळीस फूट, दोन इंची पाइपचे तीन तुकडे, बुडाशी बिजागरी, माथ्यावर अँटेना, चार दिशांना तारेचे चार ताण आणि प्रत्येक ताणाला जमिनीत गाडलेला लोखंडी खुंटा. पूर्वेचा खुंटा धाकटे बंधू सूर्यभान यांच्या अंगणात येतो, कारण वाटणीत माझ्याकडे जागाच तेवढी आली. त्या खुंट्याला म्हैस अडखळते म्हणून त्यांनी दोन वर्षे माझ्याशी बोलणे टाकले होते.

गेल्या वर्षी पावसाने तोंड दाखवले नाही, तेव्हा भाऊसाहेब चावडीवर म्हणाले की येलमाम्यांचा खांब ढग कापतो, आणि शिवाय एक दिवस कोणाच्या तरी डोक्यावर पडणार. मी टॉवरच्या मापांची वही घेऊन गेलो. ढगांचा मुद्दा एका वाक्यात निकालात काढला. मग कोष्टक वाचून दाखवले: खुंट्यांची खोली पूर्व चार फूट, पश्चिम चार फूट, उत्तर चार, दक्षिण चार. तेवढ्यात सूर्यभान उठला आणि म्हणाला, “दादा वहीत लिव्हतो ते खरं आसतं. खांब ऱ्हाऊ द्या.”

त्या दिवसापासून आम्ही पुन्हा बोलू लागलो. दिवाळीनंतर त्याने टॉवरच्या पूर्वेला, अगदी लगत, पत्र्याची पडवी बांधली. त्याची मुलगी सुमन बाळंतपणाला आली आहे. ती बारा दिवसांच्या बाळाला घेऊन त्या पडवीत निजते.

कलम ५. पश्चिमेचा खुंटा चार फूट नाही. दीड फूट आहे.

सन १९७० च्या ज्येष्ठात मी ते खड्डे स्वतः खणले. पश्चिमेला दीड फुटावर काळा पाषाण लागला. दोन दिवस छिन्नी चालवली, दोन छिन्न्यांची तोंडे वळली. पाऊस दारात होता, पाइप जोडून तयार होते, आणि टॉवर कधी उभा राहतो हे विचारायला अर्धे गाव येऊन जात होते. मी दीड फुटातच लोखंड बसवून सिमेंट ओतले, वर दगड रचले. वहीत बाकीचे तीन आकडे चार-चार होते. चौथाही चार लिहिला. कोष्टक चांगले दिसले. दिवाळीनंतर नीट करू, असे ठरवले होते. तीन दिवाळ्या झाल्या.

आपल्याकडचा पावसाळी वारा पश्चिमेचा. त्याचा सगळा जोर पश्चिमेच्या ताणावर येतो. तो खुंटा उखडला तर टॉवर पूर्वेला पडेल, म्हणजे पडवीवर. या वैशाखात वळवाच्या वाऱ्यानंतर तो ताण ढिला दिसला, तेव्हा टर्नबकल, म्हणजे तार ताणण्याची फिरकी, तीन आटे आवळला. चार दिवसांनी पुन्हा तीन आटे. तार लांबलेली नाही, मी मोजली आहे. खुंटा सरकतो आहे.

कलम ६. ~~माझ्या मृत्यूनंतर~~ टॉवर उतरवावा. कोणताही ताण कापू नये. उत्तर-दक्षिणेचे ताण तसेच ठेवून टॉवर पश्चिमेकडे, माझ्या अंगणात निजवावा. टॉवरच्या माथ्याला जाड दोर बांधावा, पूर्वेच्या खुंट्याला त्याचे तीन वेढे देऊन मगच पूर्वेचा ताण सोडवावा, आणि दोर हळूहळू सोडावा. उतरताना सगळे वजन या एका खुंट्यावर येते. तो सूर्यभानच्या अंगणात आहे, म्हणून त्यास आधी विचारावे.

कलम ७. येथवर सकाळी लिहून झाले. सौ. भागिरथीस वाचता येत नाही, म्हणून तिला सर्व वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत होती. पाचव्या कलमाला तिचा हात थांबला.

“ह्यो कागूद उघडायचा कवा?”

मी गेल्यावर, असे सांगितले.

“आन तुमी वाचलात तर?”

तर पेटीतच राहील, म्हणालो.

“मंग सुमीनं तुमच्या मरायची वाट बघायची व्हय?”

मी सूर्यभानला बोलावले आणि कलम ५ वाचले. त्याने ते पुन्हा एकदा वाचायला लावले. तो ओरडला नाही. आधी घरी गेला. सुमनला व बाळाला आमच्या माजघरात आणून निजवले, पाळण्याची दोरीही स्वतः बांधली. मग माझ्यासमोर बसला.

“सहा म्हैने आमी तुझ्या वहीच्या भरवशावर निजलो, दादा.”

मला वजन उचलायची मनाई आहे. दोर सोडायला मी उपयोगाचा नाही, हेही सांगितले. तो म्हणाला, सकाळी वारा पडलेला असतो, तेव्हा उतरवू, माणसे मी आणतो. मग विचारले, पूर्वेचा किती खोल आहे. मी म्हणालो, चार फूट.

तो उठला. एक पातळ सळई आणली, पूर्वेच्या खुंट्याच्या कडेने ठोकत खाली नेली. खुंट्याच्या बुडाशी जोडलेल्या आडव्या लोखंडावर ती वाजली, तेव्हा जमिनीलगत खूण केली, सळई उपसली आणि माझ्या हातातली टेप घेऊन स्वतः मोजले. मी वही पुढे केली.

“वहीत नगं. ह्या कागदात लिव्ह.”

त्याप्रमाणे लिहिले: पूर्वेचा खुंटा, खोली चार फूट एक इंच. मोजणार, सूर्यभान.

कलम ६ मधील ‘माझ्या मृत्यूनंतर’ हे शब्द मी खोडले आहेत. त्या जागी ‘उद्या सकाळी’ असे वाचावे. खोडल्या जागी माझी सही आहे.

मुक्काम राजूर, तारीख २४ मे १९७३, गुरुवार.

(सही) रंगनाथ कानिफनाथ येलमामे

साक्षीदार:
१. राधाकृष्ण शेळके, पोस्टमास्तर, राजूर. सही माझ्यासमोर झाली.
२. सूर्यभान कानिफनाथ येलमामे. पूर्ण ऐकून, कलम ५ दोनदा वाचायला लावून, मग सही केली.