एकावरचं शून्य

चिरंजीव धाकटे,

आशीर्वाद. इतक्या वर्षांत ते वापरून विटलेत, पण नवे आणू कुठून? तुझे गुडघे कसे आहेत? माझे तुझ्याहून वाईट आहेत. (यात तरी मोठेपण माझ्याकडे राहू दे.) जावईबापूंची तब्येत माझ्या वतीनं तूच विचार, उत्तर कळवायची घाई नाही.

पत्र लिहायचं कारण, मी समाजसेवेत पडले. वरच्या मजल्यावरच्या निवृत्त मॅनेजरांनी (ऑफिस सुटलं, हुकूम सोडायची खोड सुटली नाही) हुशार पोरांना शिकायला परदेशी पाठवायची संस्था काढली. नाव ठेवलं 'होतकरू विद्यार्थी परदेशगमन साहाय्य मंडळ'. वाचून होईस्तोवर पोरगं शिकून परत येईल. होतकरू म्हणजे मला वाटलं, 'होत असेल तर करू' म्हणणारे. मॅनेजर हसले. पुढे कळलं, अर्थ माझाच बरोबर होता, फक्त तो पोरांना नव्हे, मंडळाला लागू होता.

निवड समितीत तिघं: मॅनेजर, दातांचे डॉक्टर आणि मी. "तळागाळातला आवाज हवा," म्हणे. (मी दुसऱ्या मजल्यावर राहते.) खरं कारण, माझं जेवणाचं टेबल मोठं आणि चहा फुकट.

अर्ज आले पाच. त्यात एक मॅनेजरांचा भाचा. त्याला परदेशात व्यवस्थापन शिकायचंय. इथे आईनं हाक मारल्याशिवाय त्याला अंथरूण सोडणं व्यवस्थापित होत नाही. उद्देश लिहिला 'मानवजातीची सेवा'. पाणी पिऊन पेला मोरीत ठेवण्याइतकीही सेवा त्यानं आजवर केलेली नाही. दुसरा अर्ज खालच्या शिवणवालीच्या मुलीचा. तिला कृत्रिम पाय बनवायला शिकायचंय. तुझ्याच तिकडच्या गावातल्या कॉलेजनं जागा दिलीय, महिनाअखेरपर्यंत राखून ठेवणार आहेत. उद्देशात लिहिलं, 'आईच्या टेपनं कमरा मोजल्या, आता पाय मोजायचेत.' मी म्हटलं, झालं, हीच.

आणि इथेच मी माती खाल्ली. प्रत्येकाला आकडा द्यायचा होता. मी तिसरीपर्यंत शिकलेली. आमच्या मास्तरांनी मार्क कधी दाखवले नाहीत, नुसते नंबर पुकारायचे. म्हणून मी मुलीला ठसठशीत एक दिला, पहिला नंबर! आणि भाच्याला पाच, शेवटचा. (तेही उदार होऊन, सहावा अर्ज नव्हता म्हणून.) ते आकडे दहापैकी होते, हे कोण सांगणार? मॅनेजरांनी बेरीज केली: मुलीचे सोळा होते, माझ्या एकानं सतरा झाले. भाच्याचे पंधरा, माझ्या पाचांनी वीस. "आजींचा न्याय परखड," म्हणाले आणि चहाचा दुसरा कप मागितला.

मी ओरडून सांगितलं, अहो, एक म्हणजे पहिला! डॉक्टर म्हणाले, "आता शाईनं लिहिलंय हो." माणसाचा अख्खा दात उपटतो हा, आणि याला एक आकडा उपटता येईना!

दुसऱ्या दिवशी ती मुलगी माझा झगा आखूड करून घेऊन आली. "आजी, शिवण पक्की घातलीय," एवढंच म्हणाली. रडली असती तर मी चार शब्द सुनावून मोकळी झाले असते. रडली नाही, तेव्हापासून चहा गोड लागत नाही.

बाकी क्षेम. पत्रोत्तर लवकर दे.

तुझी ताई

ता. क. : सांगायचं राहिलं. मंडळाच्या नियमावलीत शोभेपुरता एक 'परदेशस्थ सल्लागार' आहे. त्यालाही दहापैकी मार्क देता येतात. मी कलम तीनदा वाचून घेतलं. तो सल्लागार तू आहेस, लेटरहेडवर छापलंय. शाळेच्या स्वयंपाकघरात तू बटाटे सोललेस, त्याचं मॅनेजरांनी 'शिक्षणक्षेत्रातील तीस वर्षांचा अनुभव' केलंय. तेव्हा आकडे त्यांना तातडीनं कळव. मुलीला दहा. भाच्याला काय द्यायचं ते तुझ्या विवेकावर सोडते, मात्र विवेक सहाच्या वर जाऊ देऊ नकोस.

ता. क. २ : तुझी मागची खोली रिकामी आहे, असं मी तिला सांगून बसलेय. आता ती तशी कर.

ता. क. ३ : दहा लिहिताना एकावरचं शून्य नीट काढ. तूही माझ्याच मास्तरांकडे होतीस.