रहिवासी समितीचा अध्यक्ष

अझैबा, गुरुवार, संध्याकाळ

इथे आखातातल्या आमच्या कंपनीच्या कॉलनीत पहिल्यांदाच निवडणूक झाली आणि मी रहिवासी समितीचा अध्यक्ष झालो. मेसची पाणचट आमटी दाट करीन, असं सगळ्यांना सांगून बसलोय. आज मॅनेजर कुरियनसाहेबांकडे पहिली मीटिंग. आमटीचा विषय काढताच म्हणाले, "मेनू ऑफिस तय करेगा. कमिटी सिर्फ सलाह देगी." गेटची वेळ? ऑफिस. पाण्याची टाकी? तीही ऑफिस. आता मेसमध्ये कुठल्या तोंडाने जाऊ?

"तो हम क्या तय करेंगे, सर?"

बराच विचार करून त्यांनी नोटीसबोर्डाची किल्ली हातात ठेवली. खोटं कशाला लिहू, क्षणभर छाती फुगली.

खोलीवर येऊन हिंदीत नोटीस लिहिली: "निर्वाचित कमिटी की ओर से सबको धन्यवाद." लावायला गेलो, तर कळलं की आधी साहेबांची सही लागते. सही लगेच मिळाली. फक्त 'निर्वाचित' खोडून त्यांनी 'नियुक्त' केलं होतं.

तशीच लावली. रूममेट सावंताने ती दोनदा वाचली.

"मगे मी मत कोणाक दिलंय रे?"

 दोघंही हसत सुटलो, पण मला जरा लागलंच.