थोरल्या जाऊबाईंची कात्री

प्रिय धाकटे,

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. तीनदा फोन हातात घेतला आणि तीनदा, स्वयंपाकघरातला नळ टपकतोय वाटतं, असं म्हणून खाली ठेवला. शेवटी तुझी वहिनी म्हणाली, नळाचं मी बघते, तुम्ही बहिणीचं बघा. म्हणून लिहायला बसलोय. पत्राला कारण आहे, पण आधी जरा इकडचं तिकडचं लिहून हात मोकळा होऊ दे.

इकडचं सगळं ठीक, असं लिहायची पद्धत आहे. मागच्या खोलीत खोकी छताला टेकलीत. पूर्वी खोकी रिकामी असायची आणि कात्र्या कमी पडायच्या. आता खोकी भरलेली आहेत आणि गिऱ्हाइकं कमी पडताहेत. पार्सलं न्यायला येणारा पूर्वी रोज यायचा, दारातूनच ओरडायचा. आता आठवड्यातून एकदा येतो, पाणी पितो, दोन पार्सलं काखेत मारतो आणि जाताना दार इतकं हळू लावतो, की आत कुणी आजारी असावं.

तुला हा धंदा पहिल्यापासून वेडेपणाचा वाटला. डावखुऱ्यांसाठी कात्र्या! तू तेव्हा म्हणालीस, दादा, शंभरात दहा डावखुरे, त्यातले नऊ निमूटपणे उजव्यांची कात्री वापरतात, मग राहिलेल्या एकावर तू संसार करणार का? त्या एकावर अकरा वर्षं केला, धाकटे. तो एकटा कुठल्या कुठल्या गावात बसलेला असायचा, पण इंटरनेटवर मला शोधत यायचा. कपड्यांच्या कारखान्यात मी कापणाऱ्यांच्या टेबलावर होतो, तेव्हा उजव्यांच्या कात्रीने पडलेला घट्टा अजून माझ्या डाव्या अंगठ्यावर आहे. लोकांना वाटतं, मूठ फिरवली की झाली डाव्यांची कात्री. पातीच उलटी बसवावी लागतात, खालचं वर आणि वरचं खाली. नाहीतर डाव्या हाताने दाबलं की पाती एकमेकांपासून फाकतात आणि कापड कापलं न जाता मध्येच दुमडतं. हे मला धारवाल्या काकांनी दाखवलं, आणि गेली अकरा वर्षं आपली प्रत्येक कात्री तेच घडवतात. काका स्वतः उजवे. कात्री तपासताना उजवा हात पाठीमागे धरून ठेवतात. विचारलं तर म्हणतात, हा लुडबुड्या आहे, मदतीला धावतो आणि मग खरं कळत नाही.

मग थोरल्या जाऊबाई आल्या. हे नाव तुझ्या वहिनीचं. त्या बड्या कंपनीचं खरं नाव घरात कुणी घेत नाही. सगळं जग जिथे ऑनलाइन खरेदी करतं तिथे आपणही दुकान मांडलं, तेव्हा ती म्हणाली होती, घर त्यांचं, किल्ल्या त्यांच्या, आपण धाकट्या सुनेसारखं राबायचं आणि वर हसतमुख राहायचं. मी म्हटलं, अगं, केवढी गर्दी आहे तिथे. ती म्हणाली, गर्दी लग्नातही असते, जेवण आपल्या पानात पडेल तेव्हा खरं. दोन वर्षं पडलं बरं का. दिवसाला दहा-बारा पार्सलं. काकांनी दुसरा दगड घेतला धारेला. मी तिला रोज ऐकवायचो.

मग जाऊबाईंनी प्रेमाने विचारलं, ग्राहकांच्या सोयीसाठी मालाची आणखी माहिती द्याल का? पात्यांची लांबी, जाडी, धारेचा कोन, आकृती असल्यास उत्तम. आपण कारखान्यातली माणसं. तक्ता रिकामा सोडणं आपल्या रक्तातच नाही. काकांकडून आकृती काढून घेतली, चष्मा पुसून पुसून मापं भरली. पाच महिन्यांत जाऊबाईंची स्वतःची कात्री आली, अकरा रंगांत, पहिल्या पानावर पहिली. मी एक मागवून काकांसमोर ठेवली. त्यांनी उजवा हात मागे घेतला, वर्तमानपत्राचा एक कागद कापायला घेतला, तो दुमडला. मग त्यांनी स्क्रू काढून पाती टेबलावर वेगळी मांडली आणि उलटसुलट करून बघितली. म्हणाले, कात्री उजव्यांचीच आहे, हातमोजा फक्त डावा घातलाय. आकृती चोरायला हरकत नव्हती, निदान नीट बघून तरी चोरायची.

मला वाटलं, चला, आता लोकांना फरक कळेल. तिथेच आमचं शहाणपण नडलं. तुला आठवत असेल, आपण प्रत्येक कात्रीच्या माहितीखाली ‘आमच्या चुका’ लिहायचो. अमक्यांच्या कात्रीचा स्क्रू ढिला निघाला, तमक्यांना पार्सल नऊ दिवस उशिरा गेलं, बदलून दिलं, माफी मागितली. मला त्याचा फार अभिमान. तर जाऊबाईंच्या यंत्राने ते सगळं वाचून काढलं आणि आपल्या नावाखाली एका ओळीत सार लिहिलं: ‘या विक्रेत्याबाबत ढिले स्क्रू व उशीर अशा तक्रारी आढळतात.’ तक्रारी करणारा मीच, सापडलेलाही मीच. त्यांच्या कात्रीखाली एकही चूक लिहिलेली नाही, म्हणजे ती निर्दोष. आपण सातव्या पानावर गेलो. सातव्या पानावर कोण येतं? मी येतो. रोज सकाळी, आपण आहोत ना ते बघायला.

दाद मागितली. अर्ज भरला, चार मिनिटांत उत्तर आलं, खाली एका बाईंचं नाव. इतकं गोड लिहिलेलं, की मी सगळी हकिकत त्यांना पाठवली आणि शेवटी त्यांची तब्येतही विचारली. त्यावर आरोग्यविषयक वस्तूंच्या विक्रीचे नियम आले. वहिनी हसून हसून खाली बसली. ‘आमच्या चुका’ काढून टाकल्या. यंत्र विसरेना. परत लावल्या, कारण वहिनी म्हणाली, खोटं वागायला शिकायचं आपलं वय गेलं आता. आपली स्वतःची वेबसाइट आहेच, पण तिथे आता माणूस वाट चुकला तरच येतो. काका दर सोमवारी येतात, खोक्यांकडे बघतात आणि म्हणतात, धार काय, लावून ठेवू, धार लावलेली बरी. मी हो म्हणतो. त्यांना नको म्हणायचं कसं, हे मला कळत नाही. पण या महिन्याच्या शेवटी म्हणावं लागणार आहे. मग दुकानही बंदच, दुसरा कुणी अशी पाती बसवणारा मला माहीत नाही.

आता कारण. गेल्या रविवारी तू एका कात्रीचा फोटो पाठवलास. तुझी लेक डावखुरी निघाली, माझ्यावर गेली, म्हणून मला न सांगता तू कात्री मागवलीस, दादाचं गिऱ्हाईक व्हायचं म्हणून. खाली लिहिलंस की रंग गोड आहे, पण काकांचा हात थकला वाटतं, कागद कापत नाही, दुमडतो. पोर रडते, शाळेतल्या बाई म्हणाल्या उजव्या हाताने कापायला लावा, हळूहळू सवय होईल, आणि ती होतेही आहे. धाकटे, आपल्याकडे जांभळा रंग कधी नव्हता. तू दुकानाचं नाव बरोबरच टाकलं असणार. त्या नावाने शोधलं की सगळ्यात वर त्यांचीच येते. तुझी काही चूक नाही, माझी सख्खी बहीण मला शोधायला निघाली आणि तिलाही मी सापडलो नाही, एवढंच. सोबतच्या खोक्यात आपली एक आहे. पोरीचा हात वाकडा नाही, हे तिला आजच सांग, बाईंनाही सांग. आणि तू त्या जांभळ्या कात्रीखाली पाच तारे देऊन लिहिलंयस: ‘माझ्या दादाच्या दुकानातली आहे. अशी प्रामाणिक माणसं आता मिळत नाहीत.’ वहिनी म्हणते, ते तिला काढायला सांगा, आपल्या नावाने त्यांचा माल खपतोय. तिचंच बरोबर आहे. काढ. पण दोन दिवसांनी काढ. दोन वर्षांत आपल्याबद्दल कुणी एवढं चांगलं लिहिलेलं नाही, आणि मी ते सकाळी सातव्या पानावरून परत येताना वाचतो.

तुझाच,
दादा