उजव्या हाताची नाडी

प्रिय दादा,

आज सकाळी वहिनींचा गंगाखेडहून फोन आला. तुझ्या वर्षश्राद्धाला या म्हणाल्या, आणि वर, "भावजी, त्या दिवशी तुमी घरी होता, म्हणून लय आधार होता." म्हणून तुला लिहितो. तू उलटा टोमणा मारू शकत नाहीस, तेवढाच माझा फायदा.

त्या दुपारी तू पाठ धरून ओट्यावर बसलास. "पंडित, पाठीत काहीतरी टरकन फाटलं बघ." वहिनी गाडी सांगायला निघाल्या. मी थांबवलं. संस्कृत शिकवता शिकवता वैद्यकाचे चार ग्रंथ चाळून मी अर्धा वैद्य झालो होतो ना! तू म्हणायचास, माझ्या नाडीपरीक्षेला गोठ्यातली म्हैसही हात देणार नाही.

पुरुषाची नाडी उजव्या हाताची बघावी, असं शास्त्र. तुझी उजवी ठणठणीत होती. पित्त, मी निकाल दिला. चूर्ण दिलं आणि दोन तास उतार पडायची वाट पाहिली. दुसरा हात शेजारीच होता रे. का नाही धरला मी तो?

उतार पडला नाही, तेव्हा कुठे गाडी करून तुला शहरात नेलं. तिथल्या सर्जनबाईंनी आल्याआल्या तुझी दोन्ही मनगटं धरली. डावीकडे नाडी नव्हती. महाधमनीचा आतला पदर फाटून रक्त दोन पदरांमध्ये खोटी वाट करत होतं. धमनी शिवेपर्यंत हृदय थांबवून यंत्राने रक्त फिरवायचं. पण यंत्राची नळी चुकीच्या जागी घातली, तर तेही रक्त खोट्या वाटेला लागतं. जांघेतून नको म्हणाल्या. "उजव्या हाताची रक्तवाहिनी शाबूत आहे. खांद्याच्या हाडाखाली, तिथूनच घालू."

तीच रक्तवाहिनी, दादा. ती खोटं बोललीच नव्हती. मीच एकटीची साक्ष काढून खटला मिटवला.

नळीने काम चोख केलं. धमनी शिवून झाली. हृदय मात्र पुन्हा चाललं नाही. त्याच्याभोवती फार वेळ रक्त साचत राहिलं होतं, बाई म्हणाल्या. वहिनींनी ते नशीब म्हणून ऐकलं. मी दोन तास म्हणून ऐकलं.

जन्मभर माझं एक ऐकलं नाहीस. नेमकं त्याच दिवशी का ऐकलंस?

श्राद्धाला येतो. पानं मांडायच्या आधी वहिनींना बाजूला घेऊन सांगेन, ते दोन तास मी घालवले, आणि त्या दोन तासांपायीच तू गेलास. वचन देतो. मग त्यांनी मला न जेवता परत पाठवलं, तर उपाशी जाईन, पण सांगून जाईन.

तुझा धाकटा,
विनायक